स्वरलिपीतला शब्द संगणकाला समजावताना

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संहितेचं छापील पान हातात घेतलं की नजर आधी स्वरांच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवर जाते. पण त्या ठिपक्यांच्या वर, खाली, मधल्या फटींत शब्दांचीही मोठी दाटी असते. व्हायोलिनच्या ओळीवर ‘पित्सिकातो’ लिहिलेलं असतं, म्हणजे गज न वापरता तारा बोटाने छेडायच्या. काही बारांनंतर ‘आर्को’ येतं, म्हणजे पुन्हा गज घ्यायचा. ‘कॉन सोर्दिनो’ म्हणजे घोडीवर म्यूट लावून वाजवायचं. ‘दिव्हिसी’ म्हणजे एकाच ओळीतल्या वादकांनी दोन गट करून वेगवेगळे स्वर वाजवायचे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय अरेंजर्सनी हीच लिपी हाताने लिहिली, आणि समोर कागद ठेवून वाचणाऱ्या वादकांनी ती लगोलग वाजवली. वाचायला सवड नसते म्हणून प्रत्येक शब्दाची जागा आणि ठसा ठरलेला असतो. वेगाचा शब्द जाड ठशात, ओळीच्या वर. वादनतंत्राचा शब्द सरळ ठशात, तोही वर. ‘दोल्चे’, ‘एस्प्रेसिव्हो’ यांसारखे भाव सांगणारे शब्द तिरप्या ठशात, ओळीच्या खाली. आवाजाची पातळी दाखवणारी पी आणि एफ ही अक्षरं तर कुठल्याच साध्या टंकातली नाहीत. त्यांची जाड, कललेली, वळणदार घडण फक्त संगीतासाठी केलेली आहे. गायकाच्या ओळीत मात्र हीच अक्षरं वर चढतात, कारण खालची जागा गीताच्या शब्दांनी घेतलेली असते.

म्हणजे वादकाला शब्द वाचण्याआधीच त्याची जात कळलेली असते. हीच जात संगणकाला कशी कळवायची, हा या लेखाचा विषय. ती कळवली नाही तर पान वरवर बरोबर दिसतं, पण थोडं हलवलं की विस्कटतं.

संगीत छापणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमनी आपापल्या परीने हा प्रश्न सोडवला आहे. १९९३मध्ये आलेल्या सिबेलियसमध्ये तंत्राचा मजकूर आणि भावाचा मजकूर अशा वेगळ्या शैली असतात, आणि कोणता शब्द ऐकवताना काय करायचं याचा एक कोशही त्यात असतो. २०१६मध्ये आलेला डोरिको तुम्ही टंकलेला ‘पोको एफ’ वाचून तो आवाजाच्या पातळीचा निर्देश आहे हे स्वतःच ओळखतो. पण स्वतःची नवी आज्ञा घडवायची, तिला नाव द्यायचं आणि ती हव्या तिथे वापरायची, हे सगळ्यांत मोकळेपणाने करता येतं ते लिलीपॉन्डमध्ये. म्हणून पुढचं सगळं लिलीपॉन्डबद्दल.

हान-वेन निन्हाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमी तरुणांनी १९९६ साली लिलीपॉन्डचं काम सुरू केलं. जुन्या कारागिरांनी धातूच्या पत्र्यावर हाताने कोरलेल्या संहितांची देखणी, भरदार छपाई संगणकाने पुन्हा साधावी ही त्यांची आस होती. या प्रोग्रॅममध्ये पाच रेषांवर माऊसने स्वर ठेवत बसायचं नसतं. तुम्ही साध्या मजकुराची फाईल लिहिता, त्यात स्वर अक्षरांनी आणि आज्ञा उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या शब्दांनी लिहिता, आणि लिलीपॉन्ड त्यातून पान तयार करतो. तो मुक्त आहे, फुकट आहे. १९८८पासून चालत आलेल्या फिनाले या मातब्बर प्रोग्रॅमचा विकास थांबवत असल्याचं २०२४च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं, तेव्हा आयुष्यभराच्या संहिता त्याच्या बंदिस्त फाईलींत असलेल्या अनेकांची झोप उडाली. साध्या मजकुरात लिहिलेली संहिता निदान उघडून वाचता तरी येते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही वाट शिकण्यासारखी आहे असं मला वाटतं.

स्वरांभोवतीच्या शब्दांसाठी लिलीपॉन्डमध्ये ‘\मार्कअप’ नावाची एक छोटी भाषा आहे. (प्रोग्रॅमच्या मूळ आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात, इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहितो.) या भाषेत ‘\बोल्ड’ जाड करते, ‘\इटॅलिक’ तिरपं करते, ‘\बॉक्स’ चौकट काढते, ‘\कॉलम’ एकाखाली एक रचते. आज्ञा एकीत एक घालता येतात: जाड, त्यात तिरपं, त्याभोवती चौकट. इथवर हे कुठल्याही लेखनप्रणालीसारखंच आहे. खरी गंमत या रचनेला नाव देता येतं तिथे सुरू होते. चौकटीतलं जाड लाल अक्षर दहा ठिकाणी हवं असेल, तर ती साखळी एकदाच लिहायची, शेवटी ‘\इटीसी’ असं लिहून तोंड उघडं ठेवायचं आणि पूर्ण साखळीला नाव द्यायचं. मग ते नाव लिहून पुढे जे द्याल ते त्या साच्यातून बाहेर पडतं. नाव देवनागरीतही चालतं, कारण फाईल युनिकोडमध्ये असते आणि नावात रोमनच अक्षरं हवीत अशी लिलीपॉन्डची अट नाही. इंग्रजी अंक मात्र नावात चालत नाहीत. दोन बासऱ्यांनी एकच ओळ मिळून वाजवायची असेल तर संहितेत ‘ए’ आणि पुढे दोनचा आकडा लिहितात. त्याची आज्ञा करणाऱ्याला आकडा टाळून ‘\एड्यू’सारखं नाव घ्यावं लागतं.

नाव दिल्याने टंकलेखन वाचतं हा सर्वांत छोटा फायदा. मोठा फायदा असा की निर्णय एका जागी राहतो. दोनशे पानांच्या संहितेत तंत्राचे शब्द जरा लहान करायचे ठरले, तर बदल एका ओळीत होतो.

पण दिसणं एका जागी आणणं म्हणजे जात सांगणं नव्हे. हा फरक ‘पोको एफ’च्या उदाहरणात लख्ख दिसतो. ब्राम्सच्या संहितांमध्ये ‘पोको फोर्ते’ वारंवार भेटतं: जोरात, पण फार नाही. त्यातला ‘पोको’ हा साध्या तिरप्या ठशातला शब्द आणि ‘एफ’ हे ते खास वळणदार अक्षर. मार्कअपमध्ये हे दोन तुकडे शेजारी ठेवणं सोपं आहे, आणि स्वराच्या खाली चिकटवलं की चित्र हुबेहूब दिसतं. नवा माणूस इथेच थांबतो. पुढच्या बारात आवाज वाढत जाण्याचा निमुळता पंखा, म्हणजे हेअरपिन, आला की घोळ कळतो. खरा ‘एफ’ असता तर पंखा आणि अक्षर एकाच आडव्या रेषेवर बसले असते आणि पंखा अक्षराच्या अलीकडे नेमका थांबला असता. आपला ‘पोको एफ’ मात्र लिलीपॉन्डच्या लेखी एक साधी टीप आहे, त्यामुळे ती पंख्याच्या खाली ढकलली जाते. याचं कारण प्रोग्रॅमच्या आतल्या एका क्रमात आहे. पाच रेषांच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रकाराला अग्रक्रमाचा आकडा असतो, आणि लहान आकडा रेषांच्या जवळ बसतो. आवाजाच्या पातळीचा आकडा २५०, साध्या मजकुराचा ४५०, सरावासाठीच्या मोठ्या अक्षरखुणांचा १५००. तुम्ही मजकूर म्हणून लिहिलंत तर तो मजकुराच्याच रांगेत उभा राहणार.

उपाय असा की तोच मार्कअप ‘मेक डायनॅमिक स्क्रिप्ट’ या फंक्शनच्या हाती द्यायचा आणि जे मिळेल त्याला ‘\पोकोएफ’ असं नाव द्यायचं. चित्र तेच, पण आता ती वस्तू आवाजाची पातळी आहे. पंखा तिच्यापाशी थांबतो. गायकाच्या ओळीत सगळ्या पातळ्या वर न्यायची एकच आज्ञा दिली की हीसुद्धा निमूटपणे वर जाते. पियानोच्या दोन ओळींच्या मधोमध पातळ्या छापायच्या असतील तर तिथेही जाऊन बसते. ऐकवण्यासाठी मिडी फाईल काढताना मात्र आणखी एक पायरी उरते. लिलीपॉन्डच्या आवाजाच्या तक्त्यात ‘पोको एफ’ हे नाव नाही, म्हणून त्याचा जोर किती हे तक्त्यात आपण भरायचं. ते रास्तच आहे, कारण ‘पोको’ म्हणजे नेमकं किती हे प्रत्येक संगीतकाराला वेगळं वाटू शकतं.

आता ‘सेम्प्रे पीपी’ घ्या, म्हणजे ‘सतत अगदी हळू’. वरच्या रीतीने त्याची आज्ञा केली तर लिलीपॉन्ड ती स्वराच्या बरोबर मध्यावर टांगतो. पण मध्य कशाचा? ‘सेम्प्रे’ धरून सगळ्या मजकुराचा. त्यामुळे ‘सेम्प्रे’ स्वराखाली येतो आणि ‘पीपी’ उजवीकडे दूर पडतो. चांगल्या छपाईत ‘पीपी’ स्वराखाली असतो आणि ‘सेम्प्रे’ त्याच्या डावीकडे. हे सुधारायचं तर लिलीपॉन्ड मजकुराकडे कसा पाहतो हे जाणून घ्यावं लागतं, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

प्रत्येक मार्कअपचं शेवटी एका ‘स्टेन्सिल’मध्ये रूपांतर होतं. स्टेन्सिलमध्ये दोन गोष्टी असतात: काय काढायचं याचं वर्णन, आणि ते किती जागा व्यापतं हे सांगणारे आकडे, म्हणजे डावी-उजवी आणि खालची-वरची हद्द. आकडे मिलिमीटरमध्ये नसून दोन लगतच्या रेषांमधल्या अंतराच्या पटीत असतात. नेहमीच्या आकाराच्या संहितेत ते अंतर साधारण १.७६ मिलिमीटर असतं. संहिता लहान केली की सगळं त्याच प्रमाणात लहान होतं. मजकुराचा मध्य ठरवताना लिलीपॉन्ड या चौकटींचेच आकडे पाहतो, आतल्या शाईकडे पाहत नाही. चौकट आणि शाई जुळायलाच हवीत असं बंधन मात्र नाही. ‘\विथ डायमेन्शन्स’ या आज्ञेने आपण चौकटीचे आकडे बदलून सांगू शकतो. ‘सेम्प्रे’ची रुंदी शून्य आहे असं सांगितलं, त्याची शाई डावीकडे सरकवली आणि ‘पीपी’ची खरी रुंदी ठेवली, की मध्य ‘पीपी’चा निघतो आणि अक्षरं स्वराखाली येतात. याची किंमतही आहे. ज्याची रुंदी शून्य सांगितली त्याच्यासाठी कोणी जागा सोडत नाही. आधीच्या स्वराखाली काही छापलं असेल तर ‘सेम्प्रे’ बिनदिक्कत त्यावर चढेल. म्हणून हा उपाय पानाचा अंदाज घेऊनच वापरावा.

‘\इटीसी’ची साखळी रबरी शिक्क्यासारखी आहे, दरवेळी तीच खूण उमटवते. मोजमाप करून मग काढायचं असेल तर खरं फंक्शन लिहावं लागतं. त्यासाठी लिलीपॉन्डच्या पोटात ‘स्कीम’ ही भाषा आहे. ही लिस्पच्या घराण्यातली, १९७५च्या सुमारास एमआयटीमध्ये जन्मलेली भाषा. तिच्यातल्या कंसांची गर्दी पाहून लोक घाबरतात, पण तिचा नियम एकच: कंसात पहिलं येतं ते फंक्शन, बाकी सगळं त्याला दिलेलं साहित्य. ‘डिफाइन मार्कअप कमांड’ने नवी आज्ञा घडवताना तिला नाव आणि आपण दिलेला मजकूर यांच्याशिवाय आणखी दोन गोष्टी मिळतात. एक ‘लेआउट’, म्हणजे पानाची मापं. दुसरी ‘प्रॉप्स’, म्हणजे या क्षणी लागू असलेल्या सगळ्या निवडी: टंक कोणता, आकार किती, ओळींत अंतर किती. आपलं फंक्शन मजकुराचं स्टेन्सिल मागवतं, त्याच्या हद्दी मोजतं, हवं ते जोडतं आणि नवं स्टेन्सिल परत देतं. ‘प्रॉप्स’मुळे आज्ञा आपल्या परिसराला अनुसरून वागते. मोठ्या अक्षरांत वापरली तर तिने काढलेली रेघही त्या मानाने जाड येऊ शकते. लेखकाने रेघेची जाडी हा एक बदलता येणारा गुण म्हणून जाहीर केला असेल, तर वापरणारा एखाद्या ठिकाणी तेवढीच जाडी वेगळी मागू शकतो, आज्ञेच्या आत हात न घालता.

हे सगळं पाश्चात्त्य संहितेसाठी उपयोगी आहेच. पण मराठी वाचकाच्या अधिक जवळचं एक काम यातून होतं, ते म्हणजे भातखंडे स्वरलिपी नीट छापणं. मुंबईत वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत शेकडो बंदिशी ज्या खुणांनी लिहून ठेवल्या, त्या खुणा मोजक्या आणि नेटक्या आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी खाली ठिपका, तार सप्तकासाठी वर ठिपका. एका मात्रेत अनेक स्वर असतील तर त्यांच्या खाली कमान. मींडेसाठी वर कमान. कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्याशी लहान अक्षरात. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे.

आज बहुतेक लोक हे वर्डमध्ये किंवा फोनवर टंकतात, आणि खुणा मिळत नाहीत म्हणून जवळपासची अक्षरं वापरतात. तार षड्जासाठी ‘सां’, म्हणजे अनुस्वार. मंद्र स्वरासाठी नुक्ता. काही जण कोमलसाठी वैदिक अनुदात्ताची रेघ आणि तीव्रसाठी स्वरिताची उभी रेघ घेतात. ही हुशारी आहे आणि अडलेल्या वेळी कामही भागवते. पण डोळ्यांनी पाहिलं तर लगेच खटकतं. ‘सां’चा ठिपका सा या अक्षराच्या मध्यावर न येता कान्याकडे झुकतो. ‘रें’मध्ये तो मात्रेच्या उजवीकडे सरकतो, ‘निं’मध्ये वेलांटीजवळ कुठेतरी दाटीवाटीने बसतो. त्याहून मोठा प्रश्न अर्थाचा आहे. अनुस्वार हा उच्चार आहे, तार सप्तक ही उंची आहे. बंदिशीच्या शब्दांच्या ओळीत ‘सांज’ किंवा ‘सांवरे’ यांतला ‘सां’ येतो आणि वरच्या स्वरांच्या ओळीत तार षड्जाचा ‘सां’ येतो. फाईलमध्ये दोन्ही एकच. पुढे कोणाला सगळ्या तार षड्जांचा शोध घ्यायचा असेल, किंवा बंदिश दुसऱ्या स्वरलिपीत न्यायची असेल, तर यंत्राला हे दोन वेगळे काढता येणार नाहीत.

म्हणून फाईलमध्ये खूण लिहूच नये, स्वर काय आहे ते लिहावं. ‘\कोमल रे’, ‘\तीव्र म’, ‘\तार सा’, ‘\मंद्र \कोमल नि’. खुणा काढण्याचं काम आज्ञांचं.

यांतली कोमलची आज्ञा सर्वांत सोपी. लिलीपॉन्डमध्ये ‘\अंडरलाइन’ तयारच आहे आणि तिची रेघ अक्षराच्या पायारेषेपासून ठरावीक अंतरावर पडते. त्यामुळे रे, ग, ध, नि या चारही स्वरांच्या रेघा एका पातळीत येतात. शिवाय या चारांपैकी एकालाही खाली लोंबणारी मात्रा नाही, त्यामुळे अक्षर आणि रेघ यांची टक्कर होत नाही. फक्त जाडी आणि अंतर आपल्या टंकाला शोभेल असं बदलून, शेवटी ‘\इटीसी’ लावून नाव द्यायचं, की आज्ञा तयार.

तारचा ठिपका मात्र कस पाहतो. पहिला विचार असा येतो की अक्षराच्या हद्दीचा वरचा आकडा घ्यावा आणि त्याच्या थोडं वर ठिपका काढावा. पण मजकुराची वरची हद्द प्रत्यक्ष शाईवरून ठरते. ‘ग’ शिरोरेषेपाशी संपतो, ‘रे’ची मात्रा आणि ‘नि’ची वेलांटी तिच्याही वर जाते. म्हणून ‘ग’चा ठिपका खाली आणि ‘रे’चा वर बसतो, आणि तार सप्तकात फिरणारी तान ओळीत डगमगताना दिसते. ‘\स्ट्रट’ नावाची आज्ञा ठरावीक उंचीची अदृश्य काठी उभी करते, पण तिची उंची टंकातल्या रिकाम्या जागेवरून येते. ती देवनागरीच्या वेलांटीला पुरेलच असं नाही. मला पटणारा मार्ग असा. फंक्शनने दरवेळी चालू टंकात सातही स्वराक्षरं स्वतःपुरती रचून पाहावीत, त्यांतली सर्वांत मोठी उंची घ्यावी, आणि प्रत्येक ठिपका त्याच उंचीच्या वर, पण आपल्या अक्षराच्या रुंदीच्या मध्यावर ठेवावा. ही सातही अक्षरं पानावर येत नाहीत, त्यांचे फक्त आकडे वापरले जातात. टंक बदला, आकार बदला, ठिपके एका रेषेतच राहतात. शिक्क्याला हे जमत नाही, मोजणाऱ्या फंक्शनला जमतं.

एकीत एक आज्ञा घातली की आतली आधी चालते. ‘\मंद्र \कोमल नि’मध्ये आधी रेघ येते आणि मग रेघेसकट मापलेल्या स्टेन्सिलखाली ठिपका. क्रम उलटा लिहिला तर उलटं घडतं, आणि रेघेचं अंतर पायारेषेवरून ठरत असल्याने ती थेट ठिपक्यावरून जाऊ शकते. रेघ अक्षराला लगटून आणि ठिपका तिच्याखाली, हे वाचायला सोपं असं माझं मत आहे. मात्रेच्या कमानीसाठी ‘\अंडरटाय’ आहे. ती आपल्या पोटातल्या सगळ्या मजकुराची रुंदी पाहून कमान ताणते आणि त्याच्या खालच्या हद्दीखाली बसवते, म्हणून ती सर्वांत बाहेर हवी.

तालाची रचना जरा वेगळी. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, पहिल्या मात्रेखाली फुली, पाचवीखाली २, नववीखाली ०, तेरावीखाली ३. इथे आज्ञेला एक तुकडा देऊन भागत नाही, मात्रांची पूर्ण यादी द्यावी लागते. त्यासाठी याद्या घेणाऱ्या आणि याद्याच परत देणाऱ्या आज्ञांचा वेगळा प्रकार लिलीपॉन्डमध्ये आहे. सगळ्या मात्रांत सर्वांत रुंद कोणती ते पाहून बाकीच्यांना तेवढी रुंदी द्यायची, म्हणजे स्थायीच्या एका आवर्तनाखाली पुढचं आवर्तन मात्रेला मात्रा जुळून येतं आणि बंदिशीचे शब्दही आपापल्या स्वरांखाली उभे राहतात. समेला फुली हे मात्र फंक्शनमध्ये कायमचं कोरू नये. रूपकाच्या सात मात्रांत समेवरच खाली असते. तालाचे विभाग आणि त्यांच्या खुणा ही वेगळी माहिती म्हणून द्यावी, म्हणजे झपताल असो वा एकताल, फंक्शन तेच राहतं.

भातखंडे पद्धतीत कंसातल्या पंचमाचा अर्थ ‘धपमप’ असा चार स्वरांचा गुच्छ होतो. तो मार्कअपने कंसात छापता येतो, पण मार्कअपला आवाज नसतो. ती फक्त शाई. आवाज हवा असेल तर संगीतावर काम करणारी आज्ञा लिहावी लागते, आणि पाश्चात्त्य संहितेतला ‘पित्सिकातो’ याचं चांगलं उदाहरण आहे. ‘\पित्स’ नावाखाली दोन गोष्टी एकत्र ठेवायच्या: कुठलाच स्वर नसलेल्या रिकाम्या स्वरसमूहावर टांगलेला शब्द, आणि मिडीचं वाद्य बदलून ‘पित्सिकातो स्ट्रिंग्ज’ करण्याची सूचना, जे प्रमाणित मिडीच्या यादीत ४६व्या क्रमांकावर आहे. ‘\आर्को’मध्ये याचं उलट. एका नावाने वाचणाऱ्याला शब्द दिसतो आणि ऐकणाऱ्याला छेडलेली तार ऐकू येते. दोहोंत तफावत पडायला जागाच राहत नाही.

अशा आज्ञा जमू लागल्या की त्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवाव्यात आणि प्रत्येक संहितेने ती फाईल आत घ्यावी. फाईलच्या डोक्यावर लिलीपॉन्डची आवृत्ती लिहावी. नवी आवृत्ती आली की ‘कन्व्हर्ट-एलवाय’ हा सोबतचा प्रोग्रॅम जुनी वाक्यरचना बरीचशी आपोआप बदलून देतो, पण आपण लिहिलेलं स्कीम त्याला नेहमी झेपत नाही, ते हाताने तपासावं लागतं. आज्ञा एका फाईलमध्ये असतील तर तपासायची जागाही एकच असते.

वेगळ्या फाईलचा खरा कस लागतो तो पलुस्कर पद्धतीसमोर. विष्णू दिगंबर पलुस्करांची स्वरलिपी भातखंड्यांच्याच काळातली, पण खुणा निराळ्या. तिथे स्वराच्या डोक्यावरचा ठिपका मंद्र सप्तक दाखवतो, तार सप्तकासाठी वर उभी रेघ असते, आणि कोमल स्वराला पायमोड्यासारखी खूण. म्हणजे भातखंड्यांच्या पुस्तकात ज्या ठिपक्याने आवाज वरच्या सप्तकात जातो, त्याच जागच्या ठिपक्याने पलुस्करांच्या पुस्तकात तो खालच्या सप्तकात उतरतो. आणि जी उभी रेघ एकीकडे मध्यमाला तीव्र करते, ती दुसरीकडे स्वराला तार सप्तकात नेते. ज्याने फाईलमध्ये ठिपके आणि रेघा टंकल्या त्याला अख्खी बंदिश पुन्हा टंकावी लागेल. ज्याने ‘\तार सा’ आणि ‘\मंद्र नि’ लिहिलं त्याने आज्ञांची फाईल बदलली की स्वरांच्या खुणा बदलल्या.

लयीच्या बाबतीत हे इतक्या सहज होत नाही. भातखंडे एका मात्रेतले स्वर कमानीत एकत्र बांधतात आणि प्रत्येक स्वराचा वाटा वाचणाऱ्याने मोजायचा असतो. पलुस्कर प्रत्येक स्वराखाली त्याच्या काळाचं चिन्ह देतात: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्याला शून्य, पाव मात्रेला छोटी अर्धगोल कमान. म्हणून ‘\मात्रा’ या आज्ञेने कमान काढायच्या सूचनेऐवजी स्वरांची यादी घ्यायला हवी. मग भातखंड्यांच्या फाईलमधली ‘\मात्रा’ ती यादी जोडून खाली कमान काढेल. पलुस्करांच्या फाईलमधली ‘\मात्रा’ यादीत किती जण आहेत ते मोजेल. दोन असतील तर प्रत्येकाखाली शून्य, चार असतील तर प्रत्येकाखाली पावमात्रेची कमान. यादीत स्वर लांबवणारी आडवी रेघ असेल तर ती आधीच्या स्वराच्या काळात मिळवावी लागेल, म्हणून ती रेघही नुसतं चिन्ह म्हणून न टंकता ‘\लांब’ अशा नावाने लिहिलेली बरी.